उमेदवाराची निवड आणि पक्षांतर्गत सत्ता : चाइल्ड यांच्या ऑस्ट्रेलियन मजूर पक्षावरील ग्रंथाचे पुनर्मूल्यांकन

ऑस्ट्रेलियाच्या राजकारणाचे विवेचन करताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः संसद, मंत्रिमंडळ आणि सार्वत्रिक निवडणूक या तीन संस्थांकडे जाते. या तिन्हींच्या आधी घडणारी आणि पुष्कळदा त्यांचे स्वरूप ठरवून टाकणारी एक क्रिया मात्र विवेचनाच्या कडेलाच राहते. ती क्रिया म्हणजे पक्षाने आपला उमेदवार निवडणे. आपल्या बोलण्यात जिला ‘तिकीट मिळणे’ म्हणतात, तिला तिकडे पूर्वनिवड अशा अर्थाचा शब्द रूढ आहे. तो शब्द अन्वर्थक आहे. कनिष्ठ सभागृहाचे मतदारसंघ एकसदस्यीय, पक्षशिस्त अत्यंत कडक आणि बरेच मतदारसंघ पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाचे हुकमी, अशी तेथील स्थिती आहे. अशा मतदारसंघात पक्षाची उमेदवारी ज्यास मिळाली त्यास संसदेतील जागा मिळालीच, असे समजले जाई. म्हणजे लाखभर मतदारांचा प्रतिनिधी कोण, हे प्रत्यक्षात शे-दोनशे माणसे ठरवीत असत. कधी तर त्याहूनही कमी.

या शे-दोनशे माणसांवर ताबा कोणाचा, हा ऑस्ट्रेलियातील पक्षांतर्गत स्पर्धेचा गाभा होय. त्याचे पहिले गंभीर शास्त्रीय विवेचन ज्या ग्रंथात आढळते, तो व्हियर गॉर्डन चाइल्ड यांचा ‘हाऊ लेबर गव्हर्न्स’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. चाइल्ड हे नाव आपल्या वाचकांस पुरातत्त्वज्ञ म्हणून परिचित आहे. युरोपीय संस्कृतीच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि त्यानंतरची त्यांची सारी कीर्ती त्याच क्षेत्रातील आहे. त्यापूर्वीचा त्यांचा हा राजकीय ग्रंथ बराच काळ दुर्मिळ होता. १९६४ मध्ये मेलबर्न येथून त्याची दुसरी आवृत्ती निघाली. शंभर वर्षांच्या अनुभवानंतर या ग्रंथातील सिद्धान्त कितपत टिकतो, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

चाइल्ड यांनी लिहिले ते केवळ ग्रंथालयात बसून नव्हे. १८९२ मध्ये सिडनी येथे जन्मलेले आणि ऑक्सफर्ड येथे शिकलेले हे विद्वान पहिल्या महायुद्धात सक्तीच्या लष्करभरतीचे विरोधक होते व त्यापायी त्यांस अध्यापनक्षेत्रातील जागेस मुकावे लागले. पुढे न्यू साउथ वेल्सचे मजूर पक्षाचे नेते जॉन स्टोरी यांचे खाजगी चिटणीस म्हणून त्यांनी काम केले. १९२० मध्ये स्टोरी मुख्यमंत्री झाले. १९२१ मध्ये ते निवर्तले. चाइल्ड यांस सरकारी कामावर लंडनला पाठविण्यात आले होते. परंतु १९२२ मध्ये मजूर सरकार जाताच त्यांची नोकरीही गेली. ग्रंथातील कडवटपणाचे मूळ या अनुभवात शोधण्याचा मोह होतो. तथापि तेवढ्याने ग्रंथाचा निकाल लावणे अन्यायाचे ठरेल. कारण त्यातील युक्तिवाद लेखकाच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही.

तो युक्तिवाद थोडक्यात असा. कामगार चळवळीने संसदेत पाऊल टाकले ते प्रतिनिधित्वाची एक नवी कल्पना घेऊन. जुन्या कल्पनेनुसार सभासद निवडून आला की आपल्या सदसद्‌विवेकबुद्धीस तेवढा उत्तरदायी. नव्या कल्पनेनुसार तो चळवळीचा मुखत्यार. चळवळीने सांगावे आणि त्याने करावे. ही कल्पना अनुभवातून आली होती. १८९१ च्या निवडणुकीत न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत १४१ पैकी ३५ जागा कामगारांच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि लवकरच जकातीच्या प्रश्नावरून हे पस्तीसजण फुटले. म्हणून १८९३ च्या परिषदेने एकजुटीची प्रतिज्ञा सक्तीची केली. संसदीय गटाच्या बहुमताने जे ठरेल त्यानुसार मत देईन, असे लेखी वचन दिल्यावाचून उमेदवारी नाही, हा नियम झाला. तो न मानणाऱ्यांत जोसेफ कुक होते. ते पक्षाबाहेर पडले आणि पुढे १९१३ मध्ये विरुद्ध बाजूचे पंतप्रधान झाले.

प्रतिज्ञापत्र, संसदीय गट, वार्षिक परिषद व कार्यकारिणी ही चळवळीने आपल्या प्रतिनिधींवर घातलेली बंधने होत. चाइल्ड यांचे म्हणणे असे की, ही बंधने पुरेशी ठरली नाहीत. कामगाराचा प्रतिनिधी संसदेत गेला की त्याचे राहणीमान, सहवास आणि महत्त्वाकांक्षा बदलते. ज्या वर्गाविरुद्ध तो निवडून आला त्या वर्गाच्या रीतिभातींनी तो वेढला जातो. जागा टिकविण्यासाठी त्याला कामगारांखेरीज छोटे शेतकरी, दुकानदार, कॅथलिक मतदार अशा अनेकांस राजी राखावे लागते. अखेर चळवळ एक सांगते आणि तिचा प्रतिनिधी दुसरेच करतो. १९१६ मधील फूट हे याचे ठळक उदाहरण. त्या वर्षी न्यू साउथ वेल्सच्या परिषदेत कामगार संघटनांच्या गटाने वर्चस्व मिळविले व सक्तीच्या भरतीचा पुरस्कार करणाऱ्यांस उमेदवारी नाकारण्याचे धोरण पत्करले. पंतप्रधान ह्यूज आणि राज्याचे मुख्यमंत्री होल्मन या दोघांसही पक्षाने बाहेर काढले. उमेदवारी काढून घेणे हे चळवळीच्या हातातील अखेरचे शस्त्र होते व ते तिने चालविले. परंतु शस्त्र चालवूनही चळवळीस हवी ती सत्ता मिळाली नाही. ध्येयाने प्रेरित झालेल्यांचा पक्ष सत्ता काबीज करणारे एक यंत्र होऊन बसला, हा चाइल्ड यांचा अंतिम निष्कर्ष होय.

२

या विवेचनाचे मोल मोठे आहे. रॉबर्ट मिशेल्स यांचा राजकीय पक्षांवरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. प्रत्येक संघटना अखेर मूठभरांच्या हाती जाते, असा मिशेल्स यांचा सिद्धान्त होता व त्यांचा आधार मुख्यतः जर्मन समाजवादी पक्षाचा होता. तो पक्ष तोवर सत्तेबाहेर होता. चाइल्ड यांच्यासमोर प्रत्यक्ष राज्य केलेला मजूर पक्ष होता. त्यामुळे नेत्यांचा बदल ‘संघटनेचा लोखंडी नियम’ म्हणून सांगण्याऐवजी परिस्थितीच्या विशिष्ट दडपणांतून दाखविणे त्यांस शक्य झाले. शिवाय नियम कसे लिहिले गेले, कोणत्या परिषदेत कोणी बदलले आणि प्रतिनिधींनी ते कसे चुकविले, या तपशिलात शिरण्याची चिकाटी त्यांनी दाखविली. आजही ऑस्ट्रेलियन पक्षांच्या अभ्यासकास या ग्रंथापासूनच आरंभ करावा लागतो.

परंतु ग्रंथाच्या मांडणीत एक गृहीतक आहे. चाइल्ड यांच्या चित्रात दोन बाजू आहेत : एकीकडे चळवळ आणि दुसरीकडे तिचे संसदेतील प्रतिनिधी. चळवळीत मतभेद आहेत हे ते जाणतात. संघटना-संघटनांमधील वैराचे वर्णनही ते करतात. तथापि युक्तिवादाच्या ऐन मोक्याच्या जागी चळवळ ही एकच इच्छा असलेली व्यक्ती म्हणून उभी राहते आणि प्रश्न उरतो तो एवढाच, की ती इच्छा प्रतिनिधीवर कशी लादावी. लादणाऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मागे पडतो. उमेदवाराच्या निवडीत तर हाच प्रश्न पहिला आहे.

याचे प्रत्यंतर ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी आले. १९२३ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या मजूर पक्षात सरकत्या फळीच्या मतपेट्यांचे प्रकरण उघडकीस आले. पक्षाच्या अंतर्गत मतदानासाठी वापरलेल्या पेट्यांना गुप्त सरकती फळी बसविलेली होती. तीतून मतपत्रिका काढता-घालता येत. या प्रकरणी ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनचे बलाढ्य पुढारी जॅक बेली यांस पक्षातून काढण्यात आले. येथे चळवळीची फसवणूक संसदेत रमलेल्या प्रतिनिधीने केली नव्हती. प्रतिनिधींवर नियंत्रण ठेवण्यासाठी चळवळीने निर्माण केलेले साधनच चळवळीतील एका बाजूने दुसरीविरुद्ध वापरले होते. अंकुश हाती असणारा स्वतःच निरंकुश झाला, असे या घटनेचे वर्णन करता येईल. चाइल्ड यांच्या सिद्धान्तात या घटनेस जागा सापडत नाही, ही त्याची पहिली उणीव.

पुढील इतिहास याच दिशेने गेला. मतपेटीत फेरफार करण्यापेक्षा मतदारच निर्माण करणे सोपे, हे गटांच्या ध्यानात आले. स्थानिक शाखेचे सभासद जर उमेदवार निवडणार असतील, तर निवडीच्या आधी शाखेत आपल्या बाजूचे सभासद भरावेत. त्यांची वर्गणीही दुसऱ्यानेच भरावी. या प्रकारास तेथे ‘ब्रँच स्टॅकिंग’ असे नाव पडले. १९५५ च्या मोठ्या फुटीनंतर मजूर पक्ष १९७२ पर्यंत केंद्रीय सत्तेबाहेर राहिला. दरम्यान १९७० मध्ये केंद्रीय कार्यकारिणीने व्हिक्टोरियाची राज्य शाखा बरखास्त करून तिची पुनर्रचना केली व अंतर्गत निवडणुकांस प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे तत्त्व लावले. एका गटाची मक्तेदारी मोडावी हा उद्देश होता आणि तो सफलही झाला. परंतु ज्याच्या त्याच्या बळानुसार वाटा मिळू लागताच प्रत्येक गटास आपले बळ मोजून ठेवण्याची व वाढविण्याची कायमची गरज निर्माण झाली. मक्तेदारीवरील उपायातून वाटणीची पद्धत जन्मास आली. २०२० मध्ये त्याच राज्यात सभासदभरतीचे प्रकरण वृत्तमाध्यमांनी उघडकीस आणले, तेव्हा केंद्रीय कार्यकारिणीस पुन्हा हस्तक्षेप करावा लागला व तेथील सभासदांचा मतदानाचा हक्क काही काळ तहकूब झाला. २०२२ च्या जुलैमध्ये राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने व लोकपालाने संयुक्त अहवालात दाखवून दिले की, सरकारी पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांस गटाच्या सभासदभरतीच्या कामास जुंपले जात होते.

३

दुसरी उणीव याहून व्यापक आहे. चाइल्ड यांनी आपला विषय कामगारांच्या प्रतिनिधित्वापुरता मर्यादित ठेवला व त्यामुळे पक्षाचा ऱ्हास हा कामगारवर्गाच्या ध्येयाशी झालेला द्रोह म्हणून दिसतो. पण ज्या पक्षाने असे ध्येय कधी स्वीकारलेच नव्हते, त्याचा अनुभव निराळा आहे काय? १९४४ मध्ये मेंझीज यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या लिबरल पक्षाने सभासदावर प्रतिज्ञेचे बंधन घातले नाही. व्यक्तिस्वातंत्र्य हे त्याचे ब्रीद. तरीही उमेदवारीच्या संघर्षात दोन्ही पक्षांची रीत बरीचशी सारखीच दिसते.

सिडनीच्या पूर्व भागातील वेंटवर्थ हा मतदारसंघ याचे बोलके उदाहरण होय. २००१ मध्ये पीटर किंग तेथून निवडून आले ते स्वपक्षाच्या विद्यमान सभासदास उमेदवारीत हरवून. तीन वर्षांनी माल्कम टर्नबुल यांनी किंग यांस त्याच वाटेने हरविले. टर्नबुल १९८१ मध्ये याच मतदारसंघाच्या उमेदवारीत पराभूत झालेले होते. या स्पर्धेच्या काळात दोन्ही बाजूंनी सभासदभरतीची चढाओढ होऊन तेथील शाखा अतोनात फुगल्या. उमेदवारी गमावलेले किंग २००४ च्या निवडणुकीत अपक्ष उभे राहिले, सुमारे १८ टक्के मते त्यांनी घेतली. तथापि जागा टर्नबुल यांनी जिंकली. सिडनीच्याच दक्षिणेकडील कुक मतदारसंघात २००७ मध्ये याच्या उलट प्रकार घडला. निवडसभेत स्कॉट मॉरिसन यांस पहिल्या फेरीत अवघी ८ मते मिळाली. परंतु विजयी उमेदवाराविरुद्ध वृत्तपत्रांत आरोप प्रसिद्ध झाल्यावर राज्य कार्यकारिणीने त्यास मान्यता नाकारली. दुसऱ्यांदा निवड झाली व तीत मॉरिसन विजयी झाले. अकरा वर्षांनी ते देशाचे पंतप्रधान होते.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे ध्येयद्रोहाची उपपत्ती अपुरी का, हे कळते. एका ठिकाणी स्थानिक सभासदांनी विद्यमान खासदारास दूर केले. दुसऱ्या ठिकाणी वरच्या मंडळाने स्थानिक सभासदांचा निर्णय फिरविला. पहिल्यात लोकशाही जिंकली व दुसऱ्यात हरली, असे म्हणणे सोपे आहे. पण पहिल्यातील सभासद निवडीपूर्वी काही महिने नव्याने नोंदविलेले असतील, तर तेही निःशंकपणे म्हणता येत नाही. स्थानिक निवडीत शाखा फुगविण्याचा धोका आणि केंद्रीय निवडीत मर्जीचा धोका, या दोहोंच्या मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन्ही पक्ष हेलकावे खात आले आहेत. कामगारवर्गाशी इमान असो वा नसो, हा पेच सुटत नाही. कारण तो पक्षाच्या ध्येयातून निघालेला नसून हुकमी मतदारसंघ आणि लहानसे निवडमंडळ यांच्या संयोगातून निघालेला आहे.

४

तिसरी उणीव मतदाराविषयीची आहे. चाइल्ड यांच्या ग्रंथात मतदार आहे तो मुख्यतः प्रतिनिधीला मोहात पाडणारा घटक म्हणून. त्याचे मत मिळविण्यासाठी प्रतिनिधी ध्येयास मुरड घालतो. मतदार स्वतः पक्षाच्या निवडीवर निवाडा देऊ शकतो, ही शक्यता त्या मांडणीत फारशी येत नाही. केंद्रीय निवडणुकीत पसंतीक्रमाची मतपद्धती १९१८ पासून आणि सक्तीचे मतदान १९२४ पासून आले. सक्तीमुळे नाराज पक्षनिष्ठास घरी बसण्याची सोय उरली नाही. आणि पसंतीक्रमामुळे मत वाया न घालविता पक्षाच्या अधिकृत उमेदवारास शिक्षा करण्याची सोय झाली.

२०२२ मध्ये सिडनीच्या पश्चिमेकडील फाउलर मतदारसंघात हे स्पष्ट दिसले. मतदारसंघ निर्माण झाल्यापासून, म्हणजे १९८४ पासून, तो मजूर पक्षाकडेच होता. तेथे व्हिएतनामी वंशाची वस्ती मोठी. निवृत्त होणाऱ्या खासदाराचा पाठिंबा तू ले या तरुण वकील महिलेस होता; त्या व्हिएतनामी निर्वासितांच्या कन्या. पण सिनेटच्या यादीतील क्रमावरून पक्षातील गटांत जो पेच पडला, तो सोडविण्यासाठी राज्याच्या माजी मुख्यमंत्री क्रिस्टिना केनेली यांस फाउलरमध्ये आणण्यात आले. मतदारांनी अपक्ष दाइ ले यांस निवडून दिले. २०२५ मध्ये मजूर पक्षाने तू ले यांसच उमेदवारी दिली. तरीही जागा परत मिळाली नाही. गमावलेला विश्वास योग्य उमेदवार उशिरा दिल्याने परत येत नाही, असाच याचा अर्थ करावा लागतो.

तथापि यावरून मतदार प्रत्येक वेळी अशी शिक्षा करतो, असे अनुमान काढणे चुकीचे होईल. त्याच २०२२ मध्ये जवळच्या पॅरामॅटा मतदारसंघात मजूर पक्षाने अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू चार्ल्टन यांस बाहेरून आणले. भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेला हा भाग. स्थानिक इच्छुकांत भारतीय वंशाचेही काहीजण होते आणि त्यांना डावलल्याची टीका झाली. चार्ल्टन मात्र निवडून आले. पराभवाची भीती हा पक्षावरील एक अंकुश आहे. परंतु समर्थ स्थानिक प्रतिस्पर्धी उभा राहील तेथेच तो चालतो. ज्या मतदारसंघात तसा प्रतिस्पर्धी नाही, तेथील रहिवाशास अंतर्गत निवडीची शुद्धता हाच एकमेव आधार उरतो.

५

म्हणून अखेरीस प्रश्न न्यायाचा होतो. पक्ष ही खाजगी मंडळी की सार्वजनिक संस्था? १९३४ मध्ये कॅमेरॉन विरुद्ध होगन या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने उत्तर दिले होते की, पक्ष ही स्वेच्छेने जमलेली मंडळी. तिचे नियम मोडले गेले तरी त्यातून सभासदास न्यायालयाकडे दाद मागता येईल असा करार उत्पन्न होत नाही. दावा लावणारे एडमंड होगन हे व्हिक्टोरियाचे माजी मुख्यमंत्री होते. म्हणजे राज्याचा कारभार चालविलेल्या माणसासही पक्षाच्या दाराशी कायद्याचे संरक्षण नव्हते. हा निर्णय सुमारे साठ वर्षे अबाधित राहिला. पुढे निवडणूक कायद्याने पक्षांची नोंदणी व त्यांस सरकारी अनुदान सुरू केले. त्यानंतर १९९३ मध्ये क्वीन्सलँडच्या न्यायालयाने बॉल्डविन विरुद्ध एव्हरिंगहॅम या प्रकरणी आणि १९९९ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने क्लार्क प्रकरणी नोंदणीकृत पक्षाचे नियम न्यायालयात तपासता येतात असे ठरविले. क्वीन्सलँडमध्ये उमेदवारीसाठी मतदारयादीत खोट्या नोंदी केल्याचे उघड होऊन २००० मध्ये शेपर्डसन चौकशी नेमली गेली. तीनंतर तेथील कायद्याने पक्षांच्या अंतर्गत निवडीस लोकशाही मतदानाची तत्त्वे लागू केली. परंतु २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने लिबरल उमेदवारांच्या वादात जुन्या निर्णयाचाच आधार घेऊन हात आखडता घेतला. तेथे स्थानिक मतदान लांबत जाऊन अखेर पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री आणि पक्षाच्या एक माजी अध्यक्षा अशा तिघांच्या समितीने उमेदवार ठरविले होते. ते तसेच राहिले.

अनुदान घेताना सार्वजनिक आणि हिशेब देताना खाजगी, ही दुहेरी भूमिका तर्कास धरून नाही. त्याचबरोबर न्यायाधीशांनी उमेदवार निवडू लागणे हेही कोणास नको असेल. क्वीन्सलँडने घेतलेली वाट या दोहोंमधील आहे : कोणास निवडावे हे पक्षाने ठरवावे, पण कोणी व कसे निवडावे याचे किमान नियम कायद्याने राखावेत.

चाइल्ड यांच्या ग्रंथाचे स्थान या पार्श्वभूमीवर निश्चित करता येते. प्रतिनिधी बदलतो आणि त्यावर बंधन हवे, हे त्यांनी पाहिले व ते खरे आहे. बंधन घालणाराही बदलतो, हे त्यांच्या मांडणीत पुरेसे आले नाही. त्यांनी मजूर पक्षाचा म्हणून जो दोष दाखविला, तो त्याच्या प्रतिस्पर्ध्यातही तेवढाच आहे. आणि चळवळ व प्रतिनिधी यांच्या भांडणात त्यांनी ज्यास साक्षीदार मानले, तो मतदार फाउलरमध्ये न्यायाधीश झाला. एवढे वजा करूनही ग्रंथाचा मूळ प्रश्न कायम राहतो. जो आपल्या नावाने बोलणार त्यास निवडण्याचा अधिकार खरोखर कोणाच्या हाती आहे, हे विचारल्यावाचून कोणत्याही लोकशाहीचे परीक्षण पुरे होत नाही. आणि हा प्रश्न मतदानाच्या दिवसाऐवजी त्याच्या कित्येक महिने आधी विचारला पाहिजे, हे दाखवून देण्याचे श्रेय निःसंशय चाइल्ड यांचे आहे.